संतपूरचा फोन

बिदरहून औरादच्या रस्त्याला लागून मांजरेचा पूल ओलांडला की पुढे संतपूर येते. औराद तालुक्यातले होबळीचे गाव. होबळी म्हणजे तालुक्याखालचा महसुली विभाग, महाराष्ट्रातल्या मंडळासारखा. इथे घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात या दोन्हींच्या जोडीला दख्खनी, आणि जमिनीच्या जुन्या कागदांवर निजामाच्या अमलातली उर्दू. 1948च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना तशाच राहिल्या. एका वाक्यात तीन भाषा वापरायला इथल्या माणसाला वेगळे कष्ट पडत नाहीत.

अशा मुलखात संगणक आला तो फक्त इंग्रजी बोलत आला. त्याची आणि आमच्या माणसांची ओळख ज्यांनी करून दिली, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. संगणक दुरुस्त करणाऱ्या लोकांच्या गमती जगभर सांगितल्या जातात, आणि बहुतेक गमतींत हसे होते ते वापरणाऱ्याचे. आमच्या खोलीतही रोज काही ना काही घडायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. पण त्या हसण्याची जात वेगळी होती. तिच्यामुळेच मी आज लिहितो आहे.

बिदरमधल्या एका कार्यालयाच्या तांत्रिक विभागात मी काही वर्षे काम केले. कार्यालयाची केंद्रे तालुक्यांत आणि होबळ्यांत पसरलेली होती. तिथले संगणक, प्रिंटर, यूपीएस चालू ठेवायचे एवढेच आमचे काम. आमची खोली जिन्याखाली. भिंतीला पोटे उघडी टाकलेले सीपीयू, टेबलावर पेचकस, ब्लोअर, जुने टूथब्रश आणि डझनभर खोडरबर. खोडरबर कशाला, असे नवा माणूस हमखास विचारायचा. रॅमची पट्टी काढायची, तिची सोनेरी टोके खोडरबराने घासायची आणि पुन्हा बसवायची. निम्मे मेलेले संगणक एवढ्यावर उठून बसत. दमट हवा आणि धूळ यांनी त्या टोकांवर पुट चढते, ते खोडरबराने निघते. शाळेतल्या मुलाच्या दप्तरातली वस्तू आमच्याकडे सर्वांत मोलाची होती.

विभागाचे प्रमुख कन्नड घरातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मराठी अस्खलित बोलत, फक्त वाक्याच्या शेवटी कन्नडचा हेल यायचा. कन्नड टंकलेखन सांभाळणाऱ्या अक्का, उदगीरकडून आलेला हार्डवेअरचा एक तरुण, बॅटऱ्या आणि वायरिंग बघणारे, दख्खनीत बोलणारे एक भाई, आणि चहापासून निरोपापर्यंत सगळे करणारे शिपाईमामा, एवढा आमचा संसार. मामा आणि अण्णा सोडले तर सगळे कंत्राटावर.

सकाळी दहाच्या ठोक्याला फोन सुरू व्हायचे. संतपूरकडची लाइन नेहमी खरखरायची, म्हणून तिकडचा माणूस मोठ्याने बोलायचा आणि इकडचाही. हळूहळू कुठलाही अवघड फोन आला की आमच्यात "संतपूरचा फोन" असेच म्हणायची रीत पडली. मग तो कमलनगरहून आलेला असो की चिंताकीहून.

एकदा एका केंद्रातले ज्येष्ठ कारकून सकाळच्या बसने थेट आमच्या दारात उतरले. फोन लागत नव्हता, काम अडले होते, म्हणून त्यांनी संगणकच सोबत आणला होता. घोंगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, खड्ड्याखड्ड्याला दोन्ही हातांनी सावरत. कंडक्टरने त्यांना खिडकीची जागा करून दिली होती. घोंगडे सोडले तर आत नुसता मॉनिटर. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे काचेच्या मोठ्या नळीचे, दहाबारा किलोंचे धूड. सीपीयू केंद्रातच टेबलाखाली राहिला होता.

उदगीरचा पोरगा तोंड फिरवून बाहेर गेला. अण्णांनी मात्र त्यांना आधी पाणी दिले. मग मॉनिटर आमच्या सीपीयूला जोडला. तो लगेच उजळला. कारकुनांचा चेहरा फुलला. "बघा अण्णा, तुमचा हात लागला न् उठला की!" अण्णा म्हणाले, "उठणारच. त्याला काही झालेलंच नाही." मग त्यांनी कारकुनांना खुर्ची ओढून बसवले, आमचा सीपीयू उघडला आणि एकेक भाग दाखवला. अक्षरे कुठे साठतात, कुठून येतात आणि दिसतात कुठे. दुपारच्या बसने कारकून आणि अण्णा दोघे निघाले, मॉनिटर पुन्हा मांडीवर. केंद्रात सीपीयूची वायर उंदराने कुरतडली होती, ती बदलली आणि काम सुरू झाले.

त्या कारकुनांचे म्हणणे किती सरळ होते! जे काही दिसते ते सगळे काचेवर दिसते, नोंदी काचेवर, आकडे काचेवर, चूकही काचेवर. खाली टेबलाखाली ठेवलेल्या बिनचेहऱ्याच्या पेटीला कोण कशाला संगणक म्हणेल? त्या दिवसानंतर हेच गृहस्थ आमचे सर्वांत भरवशाचे खबर देणारे झाले. फोनवर सांगायचे, "हिरवा दिवा लागतो, पिवळा लागत नाही, आतून एक लांब न् दोन आखूड शिट्ट्या येतात." एक लांब आणि दोन आखूड म्हटले की त्या काळच्या बहुतेक संगणकांत दोष डिस्प्ले कार्डाकडचा असायचा. अण्णा कार्ड पिशवीत टाकूनच निघायचे. एक खेप वाचायची.

पासवर्डाच्या गोष्टी तर रोजच्या. "पासवर्ड काय घातला होता?" असे विचारले की पलीकडून आत्मविश्वासाने उत्तर यायचे, "सहा फुल्या." पडद्यावर फुल्याच दिसत होत्या, त्यांनी दिसले तेच पाठ केले होते. निम्म्या केंद्रांचा पासवर्ड ग्रामदैवताच्या नावाचा असायचा, औरादकडे तो बहुतेक अमरेश्वर; आणि तो फोनवर इतक्या मोठ्याने सांगितला जायचा, की मागे रांगेत उभ्या शेतकऱ्यांनाही ठाऊक होई.

सगळ्यांत जास्त आठवतो तो एक खुलासा. विंडोज 98च्या काळात एखादा प्रोग्राम बिघडला की पडद्यावर चौकट यायची: या प्रोग्रामने बेकायदेशीर कृती केली आहे, तो बंद केला जाईल. एका केंद्रातल्या, निवृत्तीला थोडेच दिवस उरलेल्या गृहस्थांना ती चौकट दिसली. त्यांनी संगणकाला हात लावणे बंद केले. शेजारच्या दोघांना बोलावून पडदा दाखवला. कागद घेऊन रीतसर खुलासा लिहिला, की सदर यंत्रावर मी नेमून दिलेल्या कामाशिवाय काहीही केलेले नाही, आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. तो कागद जावक क्रमांकासह आमच्याकडे आला.

आम्ही हसलो. हसू येणारच. पण अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "माणसाची पेन्शन अडकलेली असते रे. काचेवर कायद्याचं नाव आलं की त्याला झोप लागेल का?" त्यांनी त्याच वेळी फोन करून त्या गृहस्थांना धीर दिला. आणि त्या दिवसापासून एक काम हाती घेतले. पडद्यावर येणारा प्रत्येक इंग्रजी संदेश वहीत उतरवायचा, समोर मराठीत आणि कन्नडमध्ये त्याचा अर्थ, आणि खाली काय करायचे ते. अक्षर अक्कांचे, कन्नड अण्णांचे, मराठी उदगीरच्या पोराचे आणि माझे. वही भरली तशी तिच्या झेरॉक्स काढून केंद्राकेंद्रांत पाठवल्या. फोन पुष्कळ कमी झाले. मोठमोठ्या कंपन्यांनी जे काम यंत्र विकण्याआधी करायला हवे होते, ते जिन्याखालच्या एका खोलीत चहाच्या वेळात झाले.

हे फक्त आमच्याकडेच घडत होते असे मुळीच नाही. अमेरिकेत कॉम्पॅक कंपनीच्या संगणकावर "कोणतीही कळ दाबा" अशी सूचना येई, आणि ती "कोणतीही" नावाची कळ कीबोर्डावर कुठे आहे, हे विचारणारे इतके फोन येत, की सूचनाच बदलावी काय याचा कंपनी विचार करते आहे, अशी बातमी 1994मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात आली होती. फोन करणारी माणसे शिकलेली, इंग्रजी जन्मापासून बोलणारी. म्हणजे अडचण संतपूरची नव्हती, सूचनेची होती. वस्तूंची रचना आणि माणसाचे मन यांचा अभ्यास करणारे डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988च्या आपल्या पुस्तकात हेच ठासून मांडले: माणूस एखादी वस्तू वापरताना पुनःपुन्हा चुकत असेल तर दोष माणसाचा नाही, वस्तू घडवणाऱ्याचा आहे, आणि वाईट याचे, की माणूस तो दोष स्वतःकडे घेतो. आमच्या अण्णांनी नॉर्मन वाचलेला नव्हता. त्यांनी खुलाशाचा तो कागद वाचला होता.

आता अक्कांविषयी. त्यांच्याबद्दल थोडक्यात लिहिता येणार नाही.

युनिकोड सगळीकडे रुजण्याआधीचे दिवस ज्यांनी कचेरीत काढले त्यांना फॉन्टचा छळ सांगायला नको. मराठीला श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम; कन्नडला नुडी आणि बरह. प्रत्येकाची अक्षरे साठवण्याची तऱ्हा निराळी. एका संगणकावर सुबक दिसणारे पत्र दुसऱ्यावर उघडले की नुसती रोमन अक्षरे आणि त्यांच्या डोक्यावर टोप्या, शेंड्या, टिंबे. मजकूर जागेवरच असतो, तो दाखवणारा फॉन्ट तेवढा त्या यंत्रात नसतो. भारतीय लिप्यांसाठी आयएससीआयआय नावाची एक सामाईक प्रमाण पद्धत 1991मध्येच ठरली होती, पण बाजारातले फॉन्ट आपापल्या वाटेने गेले.

एके दिवशी वरून एक तातडीचे परिपत्रक फ्लॉपीवर आले. उघडले तर हाच गोंधळ. आमच्या त्या संगणकावर नुडी नव्हते. वरिष्ठ लिपिकांनी प्रिंट काढली आणि शहाण्यासुरत्या माणसांना दाखवत फिरले. एक म्हणाला फ्रेंच असावे. हिशेबाच्या टेबलावरचा म्हणाला, टोप्या बघता जर्मन. भाईंनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "ये कोडवर्ड है साब, कलेक्टर कू पूछो." परिपत्रकाला दुपारी चारपर्यंत उत्तर द्यायचे होते आणि ते कोणत्या भाषेत आहे यावरच दोन तास गेले. शेवटी कागद जिन्याखाली आला.

अक्का भाजी निवडल्यासारख्या शांतपणे डबा आवरत होत्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि वाचायला लागल्या. त्या रोमन टोप्या-शेंड्यांमधून सरळ कन्नड, न अडखळता, विषय, संदर्भ, खाली सहीपर्यंत. आम्ही सगळे उभे. वर्षानुवर्षे तो कचरा डोळ्यांसमोरून गेल्यामुळे कोणत्या टोपीखाली कोणते कन्नड अक्षर बसते, हे त्यांना तोंडपाठ झाले होते. वरिष्ठ लिपिक त्यांच्यासमोर बसून मजकूर उतरवून घेऊ लागले. परिपत्रक निघाले कशाचे, तर सर्व कार्यालयांनी एकच प्रमाण कन्नड सॉफ्टवेअर वापरावे याचे. खोलीभर असे हसू पिकले, की वरच्या मजल्यावरची माणसे जिन्यावर आली. अक्काही हसल्या. चारच्या आत उत्तर गेले.

अक्कांचे शिक्षण फार नव्हते. त्यांच्या पगाराच्या कागदावर "डेटा एंट्री" एवढेच लिहिलेले असे. पण त्या दुपारी त्यांनी जे केले, ते अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमले नसते असे मला आजही वाटते.

पुढे विंडोजमध्येच भारतीय लिप्या आल्या. देवनागरीचा मंगल फॉन्ट रेखाटला तो रघुनाथ कृष्ण जोशी यांनी, म्हणजे र. कृ. जोशी, मराठीतले कवी आणि अक्षरांचे थोर जाणकार. आणि कन्नडचा तुंगा फॉन्टही त्यांच्याच देखरेखीखाली झाला. एका मराठी माणसाच्या हाताखालून दोन्ही लिप्या यंत्रात गेल्या. आमच्या सीमेवर कोणत्या पाटीवर कोणती लिपी असावी यावरून माणसे एकमेकांची तोंडे बघत नाहीत असे दिवस आले आणि गेले. जिन्याखाली मात्र दोन्ही लिप्या एकाच पडद्यावर नांदत होत्या. मला त्या गोष्टीचा अभिमान वाटतो.

खंडेनवमी हा आमचा सण आणि आमचे संकट. कर्नाटकात आयुधपूजेचे महत्त्व फार. बस, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, शिलाईयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, लिंबू. दारात कोहळा फुटतो. मग संगणकाने काय घोडे मारले? केंद्राकेंद्रांत त्याची पूजा व्हायची. उदबत्तीची राख कीबोर्डात, कुंकू पंख्याच्या जाळीत, नारळाचे पाणी प्रिंटरवर. दसरा उलटला की आमचे फोन दुप्पट.

एका वर्षी संतपूरच्या बाजूच्या एका केंद्रातून सणानंतर काही दिवसांनी फोन आला. "अण्णा, संगणकातून मुंग्या यायल्यात."

अण्णांना वाटले, पडद्यावर ठिपके दिसत असतील; सिग्नल खराब झाला की आपण मुंग्याच म्हणतो. केबल तपासायला सांगितली. पलीकडचा म्हणाला, "तसल्या नव्हं, चावणाऱ्या." उदगीरचा पोरगा गेला. सीपीयूच्या तोंडावर लाल मुंग्यांची रांग. सीडी ड्राइव्ह उघडला तर आत पेढा. पूजेच्या दिवशी तिथल्या तरुण मदतनिसाकडून गंध लावताना चुकून बटण दाबले गेले, आणि यंत्राचा खण आपणहून पुढे आला. त्याला वाटले, देव हात पुढे करतो आहे. त्याने त्यावर पेढा ठेवला. खण पुन्हा आत गेला. नैवेद्य पोचला, असे म्हणून त्याने हात जोडले होते.

सीडीच्या खणाला कपबशी ठेवण्याची जागा समजणाऱ्या माणसाची गोष्ट सगळ्या जगात फिरते, आणि सांगणारा प्रत्येक जण ती आपल्याच कचेरीत घडली असे सांगतो. आमची गोष्ट तिच्यापेक्षा उजवी आहे, कारण तिच्यात भक्ती आहे. पोराने ड्राइव्ह सोडवून टूथब्रशने साफ केला. मुंग्या पळाल्या, ड्राइव्ह पुढे चालला. त्या मदतनिसाला कुणी रागे भरले नाही. पुढच्या खंडेनवमीच्या आधी अण्णांनी सगळ्या केंद्रांना एक सूचना पाठवली: पूजा जरूर करावी; यंत्र आधी बंद करून प्लग काढावा; कुंकू पेटीच्या बाजूला लावावे; नारळ उंबऱ्यावर फोडावा; नैवेद्य समोर वाटीत ठेवून मग सर्वांनी वाटून घ्यावा. पूजा बंद करा असे त्यांनी कधीच म्हटले नाही. ज्या यंत्रावर पोट आहे त्याला नमस्कार करणाऱ्या माणसाला अडाणी म्हणायची अण्णांची तयारी नव्हती, आणि माझीही नाही.

तसे यंत्रात किडामुंगी शिरणे ही या धंद्यातली पुरातन बाब. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-2 या खोलीभर मोठ्या संगणकाच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला. ग्रेस हॉपर या विदुषी ती हकिकत पुढे नेहमी सांगत. आमच्या नोंदवहीतही पाल, गांधीलमाशी आणि एकदा चिमणीचे घरटे अशा नोंदी होत्या. यूपीएसच्या उबेला पाली फार येतात. भाई हातात फडके घेऊन "चल बी, बाहर चल" असे म्हणत त्यांना हुसकायचे.

आणखी एक फोन सांगितलाच पाहिजे. एका केंद्रातल्या बाई सांगत होत्या की संगणक रोज भाकरीच्या वेळेला बंद पडतो. सकाळी ठीक, दुपारी दीडच्या सुमाराला जातो, तासाभराने आपोआप बरा. दोनदा माणूस जाऊन आला, दोन्ही वेळा सकाळी, आणि यंत्र निरोगी असल्याचा शेरा मारून परतला. खोलीत चेष्टा सुरू झाली, की संगणकालाही भूक लागते. बाईंचा आवाज पुढच्या फोनला रडवेला झाला. अण्णांनी चेष्टा थांबवली. "बाई रोज बघतात, आपण एकदा बघून येतो. मग खरं कोणाचं?" ते स्वतः दुपारी जाऊन बसले. दीडला शेजारच्या खोलीत डबे गरम करायला कुणीतरी विजेची शेगडी लावली. दोन्ही खोल्यांची लाइन एकच. दाब एवढा खाली आला, की म्हातारा यूपीएस मान टाकू लागला. शेगडीची लाइन वेगळी केली. बाईंनी अण्णांना त्या दिवशी डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली.

याच गोष्टीचे मोठे भावंड अमेरिकेत आहे. 1990च्या दशकाच्या मध्यात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात मेलव्यवस्था सांभाळणाऱ्या ट्रे हॅरिस यांना संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला: आमची ई-मेल 500 मैलांच्या पलीकडे जात नाही. ऐकणाऱ्याला वाटावे, हा मनुष्य चेष्टा करतो आहे. ई-मेलला अंतर काय ठाऊक? पण हॅरिस यांनी तपासले आणि तक्रार शब्दशः खरी निघाली. सर्व्हरची सुधारणा करताना मेलचा प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर गेला होता. त्याला नव्या सूचना कळत नव्हत्या, आणि दुसऱ्या टोकाच्या उत्तरासाठी थांबायची मुदत जवळजवळ शून्यावर, तीनेक मिलिसेकंदांवर आली होती. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे 900 किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे मैलांवर काही जातो. त्यापलीकडचे उत्तर यायच्या आतच प्रोग्राम हात टेकायचा. प्राध्यापकांनी मोजले ते खरे होते, आणि आमच्या बाईंनी भाकरीची वेळ सांगितली तीही खरी होती. तक्रार करणाऱ्याचे शब्द वेडेवाकडे असतील, त्याने पाहिलेले खोटे नसते. या धंद्यात मी दुसरे काही शिकलो नसतो तरी चालले असते.

या सगळ्याला एक गंभीर बाजू आहे, आणि तिच्यामुळेच अण्णा चिडायचे नाहीत. केंद्रातल्या कारकुनाच्या मागे खिडकीबाहेर माणसे उभी असत. कर्नाटकाने 2000च्या आसपास "भूमी" प्रकल्पात सुमारे 67 लाख खातेदारांच्या दोन कोटी जमीननोंदी संगणकावर आणल्या. हाताने लिहिलेल्या पहाणीची मान्यता गेली. पहाणी म्हणजे महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा उतारा. तेव्हा 15 रुपये भरायचे आणि छापील उतारा घ्यायचा. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमानेच निकाली काढायचे, मागच्याला पुढे घुसवता येणार नाही, अशी रचना त्यात होती. लाचेला आणि हेलपाट्यांना मोठा आळा बसला, याचे श्रेय त्या प्रकल्पाला दिलेच पाहिजे. पण कागदावरचा कारभार यंत्रावर गेला म्हणजे यंत्र बंद तर कारभार बंद. तूर विकायची, पीककर्ज काढायचे, मुलीला वसतिगृहात घालायचे. एकेका उताऱ्यावर आणि दाखल्यावर ते अवलंबून. औराद तालुक्यातल्या टोकाच्या खेड्यातून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे पाच शब्द किती महाग पडतात, हे भाडे मोजणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणून संतपूरचा फोन वाजला की अण्णा घास टाकून उठत. पलीकडच्या माणसाला काय कळत नाही, यापेक्षा त्याच्यामागे किती जण उभे आहेत, हे ते आधी विचारत. "रांगेत किती माणसं हायत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आकडा मोठा असला की भाईंची मोटारसायकल निघायची.

आता बिघडलेला संगणक दूर बसून दुरुस्त करता येतो. कुठल्या तरी शहरातून कुणी तरी पडदा ताब्यात घेतो, बाण आपोआप फिरतो, तक्रारीला क्रमांक मिळतो आणि क्रमांक बंद झाला की काम झाले असे धरले जाते. वेळ वाचतो, हे खरे. पण शेगडीची लाइन त्या बाणाला दिसत नाही, पेढा दिसत नाही, खिडकीबाहेरची रांग तर नाहीच नाही. त्यासाठी तिथे जाणारा, तिथली भाषा बोलणारा माणूस लागतो.

आमची ती खोली आता नाही. अण्णा सन्मानाने निवृत्त झाले. उदगीरचा पोरगा पुण्याला गेला. अक्कांचे कंत्राट एका वर्षी पुढे वाढवले गेले नाही. ज्या बाईंनी वाचता न येणारे वाचून दाखवले, त्यांना एका ओळीच्या पत्राने थांबवले. सीमेच्या दोन्ही बाजूंना, बिदर-कलबुर्गीकडे तसेच लातूर-नांदेडकडेही, अशा केंद्रांतून यंत्रासमोर बसणारी पुष्कळ मुलेमुली आजही कंत्राटावर आहेत. राज्याचा कारभार त्यांच्या बोटांवर चालतो आणि त्यांची स्वतःची नोकरी वर्षावर्षाने तगते. हे थांबले पाहिजे. त्यांना कायम करावे, रीतसर शिकवावे, आणि पडद्यावरचा प्रत्येक संदेश मराठीत व कन्नडमध्ये द्यावा. आमच्या वहीने ते तेव्हाच करून दाखवले आहे. आणि वाचकहो, तुमच्या गावच्या केंद्रात यंत्र अडले, तर खिडकीतल्या मुलावर आवाज चढवू नका. त्याला तुम्ही काय पाहिले ते नीट सांगा, आणि त्याला हवा तिथे फोन लावू द्या.